पक्षी पुन्हा पुन्हा दगावतात? पिंजऱ्याआधी तव्याकडे बघा

नागपुरात मे महिन्यात पिंजऱ्यातला पक्षी मेला की दोष उन्हाचा. डिसेंबरात मेला की थंडीचा. अधल्यामधल्या महिन्यांत मेला तर दाणा खराब होता, नाहीतर दुकानदारानं आजारीच दिला होता. मग पिंजरा धुतात, राळा-बाजरी बदलतात, नवी जोडी आणतात आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. ज्या घरात असं दोनदा झालं आहे, तिथे सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारायची: पक्षी पडला त्याच्या आधीच्या तासाभरात स्वयंपाकघरात काय तापत होतं?

निरोगी पक्षी अचानक गेला असेल तर उत्तरात बऱ्याचदा नॉनस्टिक तवा, सँडविच मेकर, एअर फ्रायर किंवा करपलेलं तेल निघतं. पिंजरा बदलला, दाणा बदलला, पक्षी बदलला तरी तवा तोच राहतो, म्हणून घटना पुन्हा घडते.

ऊन, आजार की हवा?

उन्हाचा त्रास दुपारी आणि हळूहळू चढतो. पक्षी पंख अंगापासून सुटे धरतो, चोच उघडी ठेवून धापा टाकतो, पाण्याच्या वाटीजवळ जातो. वेळेत सावलीत, गार हवेत नेला तर बहुतेकदा सावरतो. आजाराला निदान दिवस-दोन दिवस लागतात: पिसं फुगवून बसणं, विष्ठा पातळ होणं, छातीचं हाड हाताला टोचू लागणं. तो आधी एकाच पक्ष्यात दिसतो.

विषारी हवेचं चित्र वेगळं असतं. सकाळी किलबिल करणारा पक्षी काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत दांडीवरून खाली पडतो. मान ताणून, चोच उघडून श्वास घेतो. शेपटी प्रत्येक श्वासाला वर-खाली होते. तोल जातो, कधी झटके येतात, कधी चोचीतून लालसर फेस येतो. एकाच खोलीतले अनेक पक्षी एकदम सापडतात आणि सहसा लहान आधी जातात: फिंच आणि बजी (बजरिगर, छोटा रंगीत पोपट) आधी, कॉकॅटिल (तुरेवाला मोठा पोपट) नंतर. वेळ जुळते ती नाश्त्याशी किंवा रात्रीच्या स्वयंपाकाशी, पाऱ्याशी नाही.

‘वास तर काहीच आला नव्हता’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. त्यावर विसंबू नका. तापलेल्या नॉनस्टिक थराचे वायू माणसाच्या नाकाला जाणवतीलच असं नाही.

संशय असेल तर एक साधी वही घाला. तारीख, वेळ, कोणतं उपकरण किती वेळ चालू होतं, आच मोठी की बारीक, दारं-खिडक्या उघड्या की बंद, कूलर-एसी-एक्झॉस्ट यांपैकी काय सुरू होतं आणि पक्षी कसा होता. तीन-चार नोंदी झाल्या की स्रोत बहुधा आपोआप उघडा पडतो. मात्र खात्री करायला पक्षी ठेवून तवा तापवून बघू नका. हा प्रयोग एकदाच होतो.

पक्ष्यालाच का होतं, आपल्याला का नाही?

पक्ष्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत-आकसत नाहीत. त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या भात्याचं काम करतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा अतिशय पातळ असतो. उडायला लागणारा प्राणवायू मिळवण्यासाठी ही रचना उत्तम, पण हवेतलं विषही ती तितक्याच तत्परतेनं रक्तापर्यंत नेते. त्यात बजीचं वजन अवघं ३०-४० ग्रॅम.

नॉनस्टिक थर बहुधा पीटीएफई या प्लास्टिकचा असतो, तोच टेफ्लॉन या नावानं घरोघरी पोचला. १९३८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट यांना तो सापडला. तो ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्याच्या बऱ्याच आधी बिघडायला लागतो. साधारण २६० अंशांच्या पुढे धोका सुरू झाला असं धरून चाला. २८० अंशांच्या वर निघणारे वायू आणि अतिसूक्ष्म कण पक्ष्यांना मारतात. त्यांत हायड्रोजन फ्लोराइड, कार्बोनिल फ्लोराइड असे वायू असतात. फुप्फुसात रक्तस्राव होतो, पाणी भरतं. माणसाला याच वायूंनी काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, छातीत जडपणा येतो आणि बहुतेकदा दिवस-दोन दिवसांत उतरतो. घरात ‘व्हायरल’ म्हणून तो विसरला जातो.

२६० अंश ऐकायला खूप वाटतं, पण रिकामा पातळ नॉनस्टिक तवा मोठ्या बर्नरवर दोन ते पाच मिनिटांत तिथे पोचतो. २००० वॉटच्या इंडक्शनवर पूर्ण शक्ती दिली तर तोही फार वेळ घेत नाही. धिरड्याचं पीठ कालवायला आपण वळलो, फोन आला, दाराशी कुणी आलं, तेवढा वेळ पुरतो.

स्रोत शोधताना

नॉनस्टिक तवा आणि कढई हे पहिले संशयित. पदार्थ आणि पाणी असेपर्यंत भांडं काबूत असतं, कारण पाणी उकळताना उष्णता खाऊन टाकतं. धोका रिकाम्या भांड्यात, करपत्या पदार्थात आणि विसरलेल्या गॅसमध्ये आहे. थर खरवडला गेलेला असो वा कोरा, तापला की दोन्हींतून वायू निघतात. नवं भांडं म्हणजे सुरक्षित भांडं, असा हिशेब इथे चालत नाही.

सँडविच मेकर, वॉफल मेकर, रोटी मेकर यांच्या पट्ट्यांवर बहुधा हाच थर असतो, आणि ही यंत्रं रिकामीच तापवायची असतात! दिवा लागेपर्यंत झाकण मिटून तापू द्या, असं त्यांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. थर्मोस्टॅट बिघडला तर ती किती तापतील याला धरबंध नाही. पक्षी असलेल्या घरात ही ठेवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एअर फ्रायरबद्दल वाद घालणारे म्हणतात, त्याचा आकडा तर २०० अंशांवर थांबतो. बरोबर, पण तो आकडा आतल्या हवेचा आहे. वरच्या कॉइलजवळचा भाग त्याहून तापतो, जाळीतून उडालेलं तेल कॉइलवर जळतं, आणि पंखा ती सगळी हवा मागच्या झरोक्यातून जोरात घरात सोडतो. नव्या यंत्रात कारखान्यातलं तेल आणि रंग पहिल्यांदा तापताना जळतात, तो धूर वेगळा. ओटीजी (टेबलावरचा छोटा विजेचा ओव्हन), टोस्टर, रूम हीटर यांनाही हे लागू. नवं ओटीजी गच्चीवर किंवा दूरच्या गॅलरीत, पक्ष्यांची खोली बंद करून, सर्वांत जास्त आकड्यावर १५-२० मिनिटं रिकामं चालवा. वास पूर्ण गेला नाही तर थंड करून पुन्हा चालवा, मगच आत आणा. हा उपाय कारखान्यातलं तेल जाळण्यापुरता आहे. आत पीटीएफईचा थर असेल तर त्यानं काहीच साधत नाही.

इलेक्ट्रिक राइस कुकरचं आतलं भांडं नॉनस्टिक असलं तरी पाणी आहे तोवर ते १०० अंशांच्या आसपास राहतं आणि पाणी संपलं की कळ उडते. यादीत ते खाली. मात्र कळ वर अडकवून भात ‘खरपूस’ करायची सवय असेल तर ते लगेच वर येतं.

स्वयंपाकघराबाहेर इस्त्रीचा तळ, इस्त्रीच्या टेबलाचं चकचकीत कापड, केस सरळ करायचं यंत्र, काही हेअर ड्रायर आणि बेकिंगची पुन्हा वापरायची तपकिरी शीट हेही तपासा. भिंतीत बसवलेल्या महागड्या ओव्हनमध्ये स्वतःला जाळून साफ करायची सोय असेल तर आतलं तापमान ५०० अंशांच्या जवळ जातं. पक्षी घरात असताना ते बटण दाबायचंच नाही.

डब्यावर काय लिहिलंय

‘पीएफओए फ्री’ वाचून लोक निर्धास्त होतात. पीएफओए हे असे थर बनवताना वापरलं जाणारं वेगळं रसायन. २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, बऱ्याच कंपन्यांनी त्याआधीच सोडलं होतं. ते नसलं तरी थर पीटीएफईचाच असू शकतो, आणि पक्षी मरतो तो पीटीएफईनं. ‘ग्रॅनाइट’, ‘मार्बल’, ‘स्टोन’ ही बहुधा त्याच थरावरच्या ठिपक्यांची नावं. ‘हार्ड अॅनोडाइज्ड’ म्हणजे ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर प्रक्रिया केलेलं भांडं. आतून वेगळा थर असतो किंवा नसतो, ते पाहावं लागतं. सिरॅमिक थर पीटीएफईचा नसतो, पण डब्यावर नुसतं सिरॅमिक असं नाव पुरेसं नाही. ‘पीटीएफई फ्री’ किंवा ‘पीएफएएस फ्री’ (पीटीएफई ज्यात मोडतं ते फ्लोरिनयुक्त रसायनांचं कुटुंब) असं स्पष्ट छापलेलं हवं. इतवारीत किंवा बर्डीवर सुटं भांडं घेताना दुकानदाराला हे सांगता येत नसेल तर ते भांडं पीटीएफईचं आहे असं समजून पुढे चला. पाण्याचा थेंब टाकून परीक्षा होत नाही. थेंब दोन्ही थरांवर मोत्यासारखा पळतो.

तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक काळ्या थरावर बऱ्यापैकी खरं सांगते. चकचकीत स्टीलवर ती खूप कमी आकडा दाखवते, तिथे तिच्यावर विश्वास ठेवू नका.

कूलर कुठे बसवलाय?

हा मुद्दा नागपूरकडच्या घरांसाठी खास महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. कूलरचा पंखा बाहेरची हवा आत ढकलतो. ज्या खोलीत कूलर, तिथे दाब जास्त. हवा तिथून इतर खोल्यांकडे जाते. कूलर आणि पिंजरा हॉलमध्ये, स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू, तर हवा हॉलकडून स्वयंपाकघराकडे आणि तिथून बाहेर जाईल. ही मांडणी चांगली.

उलट, अनेक फ्लॅटमध्ये कूलर मागच्या गॅलरीत असतो आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टचं तोंडही त्याच गॅलरीत. मग एक्झॉस्टनं बाहेर टाकलेला धूर कूलर ओढून घेतो आणि थेट पिंजऱ्यावर फेकतो. ओल्या ताटीतून गाळला जाईल असं वाटतं, पण इतके बारीक कण आणि वायू ताटी नीट अडवत नाही, मग ती वाळ्याची असो, गवताची असो की हनीकोंब पॅडची. इमारतीच्या डक्टला (सगळ्या मजल्यांमधून जाणाऱ्या उभ्या मोकळ्या पोकळीला) लागून कूलर असेल तर खालच्या मजल्यावरच्या घरातला तवाही तुमच्या हिशेबात धरा. एक्झॉस्टचं तोंड वेगळ्या बाजूला वळवा किंवा पाइप लावून कूलरच्या तोंडापासून दूर, वर न्या. ते जमत नसेल तर स्वयंपाक होईपर्यंत कूलर बंद.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. दार लावलेल्या एसीच्या खोलीत पिंजरा असेल तर धूर उशिरा पोचतो, पण पोचला की मुक्काम करतो.

स्वयंपाकघरात गॅसवर बसवलेल्या विजेच्या चिमणीवर ताशी १००० घनमीटर लिहिलेलं असतं. ८ बाय १० फुटांचं, १० फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे साधारण २३ घनमीटर. कागदावर तासाला चाळीसहून जास्त वेळा हवा बदलायला हवी. प्रत्यक्षात पाइपाला दोन कोन, जाळीवर चिकट तेल आणि बंद खिडकी असली की निम्मंही काम होत नाही. आत यायला हवा नसेल तर चिमणी बाहेर काय टाकणार? पाइप नसलेली, नुसती कोळशाची जाळी असलेली चिमणी तर तीच हवा परत आत सोडते. पक्ष्याच्या दृष्टीनं ती नसल्यातच जमा.

हवेची दिशा तपासायला पक्षी दुसऱ्या घरी किंवा गच्चीवर सावलीत ठेवा. अगरबत्ती पेटवून स्वयंपाकघराच्या दारात तीन उंचीवर धरा: पायाशी, कमरेशी आणि चौकटीच्या वरच्या कडेला. गॅस चालू असताना बघा. बऱ्याचदा खाली धूर आत जाताना दिसतो आणि वर बाहेर येताना. म्हणजे गरम हवा वरून हॉलमध्ये सांडते आहे. कूलर चालू-बंद, एक्झॉस्ट चालू-बंद असं सगळं करून पाहा. वरच्या कडेलाही धूर आत ओढला जाईल तीच तुमची स्वयंपाकाच्या वेळची मांडणी.

हे सगळं फोडणीच्या धुरासाठी. नॉनस्टिक भांडं ‘खिडकी उघडून वापरू’ ही सवलत यातून निघत नाही. दुसऱ्या खोलीतले, वरच्या मजल्यावरचेही पक्षी मेलेले आहेत. सुरक्षित अंतर असं काही नसतं.

फोडणी, सावजी मसाला आणि मिरची

नॉनस्टिक घरातून गेलं तरी तेल उरतंच. रिफाइंड सोयाबीन किंवा शेंगदाणा तेल साधारण २३० अंशांजवळ धूर सोडतं. घाण्याचं जवसाचं तेल त्याच्या निम्म्या आकड्यालाच, ११० अंशांच्या आत. ते वरून घ्यायचं, तापवायचं नाही. धुरातला ॲक्रोलिन हा वायू आपले डोळे झोंबवतो आणि पक्ष्याची श्वासनलिका सुजवतो. रोज थोडा थोडा धूर मिळालेला पक्षी एकदम मरत नाही, पण सारखा शिंकतो, त्याचा आवाज बसतो आणि पुढचा साधा संसर्गही त्याला झेपत नाही.

सावजी रश्श्यासाठी खडा मसाला आणि सुकं खोबरं भाजणं, तर्रीसाठी तेल कडकडीत तापवणं, भिवापुरी मिरची परतणं ही कामं पिंजरा दुसऱ्या टोकाच्या खोलीत नेऊन, दाराखालच्या फटीत ओला पंचा लावून करा. शक्य असेल तर वर्षाचा मसाला गच्चीवरच्या शेगडीवर भाजा. ‘पोपट तर मिरच्या खातो, त्याला खकाणा काय करणार’ हा गैरसमज आहे. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही हे खरं. त्यांच्या मज्जातंतूंवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. पण जळक्या मिरचीच्या धुरात कण आणि इतर वायूही असतात, आणि ठसका न लागल्यानं पक्षी कुठलीही खूण न देता तो धूर ओढत राहतो.

नॉनस्टिकऐवजी काय

लोखंडी किंवा बिडाचा तवा, स्टीलचं जाड बुडाचं किंवा ट्राय-प्लाय (धातूच्या तीन थरांचं) भांडं. कल्हईचं पितळी भांडंही चालतं, पण रिकामं तापवू नका. कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं.

नवा लोखंडी तवा मुरवताना भरपूर धूर होतो, म्हणून ते काम घराबाहेर. आधी साबणाच्या गरम पाण्यानं घासून कारखान्याचं तेल काढा, आचेवर कोरडा करा, कापडानं तेलाचा इतका पातळ हात फिरवा की तवा ओला दिसू नये, धूर थांबेपर्यंत तापवा, थंड करा. हे तीन-चार वेळा. तेल जाड लागलं तर थर चिकट होतो आणि पुढे प्रत्येक धिरड्याला धूर देतो. धिरडं चिकटत असेल तर अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा, मध्यम आचेवर तव्यावर फिरवा, मग पीठ घाला. चिकटण्याचं कारण बहुधा तवा नसून घाई असते. कड सुटल्याशिवाय उलथनं घालू नका.

पक्षी धापा टाकू लागला तर

१. आधी पक्षी बाहेर. गॅस बंद करायला दुसरं कुणी असेल तर त्याला सांगा. एकटे असाल तर जाता जाता बंद करा. खिडक्या नंतर.

२. सगळे पक्षी न्या, ठणठणीत दिसणारेही. मे महिन्यात बाहेर म्हणजे उन्हात नव्हे; जिना, शेजारचं घर, गार गाडी.

३. झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. हातात धरून ठेवू नका. छाती दाबली गेली की पक्ष्याला श्वासच घेता येत नाही.

४. चोचीत पाणी, मध, ब्रँडी, हळद, काहीही घालू नका. फुप्फुसात जाईल.

५. पशुवैद्याला आधी फोन करून ऑक्सिजनची सोय आहे का विचारा आणि निघा. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघायच्या आधी फोनवरच सांगा: ‘नॉनस्टिकचा धूर, इतक्या वाजता, इतका वेळ.’ डॉक्टरांचं काम त्यानं वाचतं. उपचार म्हणजे ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळी करणारी आणि सूज उतरवणारी औषधं. या विषावर उतारा नाही.

सावरलेल्या पक्ष्यावरही दोन दिवस लक्ष ठेवा, त्रास उशिरा वाढू शकतो. घर पूर्ण हवेशीर होईपर्यंत, निदान २४ तास, त्याला परत आणू नका. पिंजऱ्यातला दाणा-पाणी फेका, पिंजरा धुवा, आणि तो तवा भंगारात द्या, कामवालीला नको. तिच्याही घरी पक्षी असू शकतो.

हिरवा देशी पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून लोक त्याला दवाखान्यात न्यायला बिचकतात. जखमी किंवा गुदमरलेला देशी पोपट सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये (वन विभागाच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात) द्यावा.

पक्षी गेला असेल तर

कारण कळल्याशिवाय नवी जोडी आणू नका. शवविच्छेदन करायचं तर मृत पक्षी हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद करा, खाण्याच्या पदार्थांपासून वेगळा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि २४ तासांच्या आत पोचवा. फ्रीझरमध्ये नको, बर्फामुळे पेशी फुटतात आणि फुप्फुसाचा तुकडा तपासायच्या लायकीचा राहत नाही. पीटीएफईनं मेलेल्या पक्ष्याची फुप्फुसं गडद लाल, रक्तानं भरलेली दिसतात. हातमोजे विसरू नका: गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले वाघ आणि बिबट्या बर्ड फ्लूनं गेल्याचं जानेवारी २०२५ मध्ये उघड झालं. म्हणून तुमच्या घरी अनेक पक्षी एकदम मेले आणि स्वयंपाकघरात काहीच तापत नव्हतं, तर पशुसंवर्धन विभागाला कळवणं आलंच.

थंडीतले दोन वेगळे स्रोत

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की गॅस गिझर आणि दारं-खिडक्या बंद, ही जोडी सुरू होते. ज्योत पिवळी आणि भांड्याच्या बुडाला काजळी दिसली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होत आहे. त्याला वास नसतो. ब्रिटिश कोळसा खाणींत त्यासाठीच पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत वापरात होते. या वायूनं पक्षी गळाला तर घरातली माणसंही लगेच बाहेर पडायला हवीत.

दुसरा, पिंजऱ्याजवळ ऊब द्यायला लावलेला दिवा. न फुटणाऱ्या काही हीट लॅम्पच्या काचेवर पीटीएफईचा थर असतो आणि अशा दिव्यांनी कोंबड्या मेल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय नियतकालिकांत आहेत. थर नसलेला सिरॅमिक हीटर किंवा साधा ४०-६० वॉटचा पिवळा बल्ब घ्या, पिंजऱ्याच्या बाहेर एकाच बाजूला, पक्ष्याची चोच पोचणार नाही असा लावा आणि दुसरी बाजू गारच राहू द्या, म्हणजे पक्षी आपली जागा आपण निवडेल. नवा बल्ब आधी दुसऱ्या खोलीत तासभर पेटवून ठेवा.